सर्व्हरसाठी रिकामं केलेलं कपाट

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी, ‘क’ वर्गातल्या एका सार्वजनिक वाचनालयात, काही वर्षांपूर्वी मी पुस्तकांची यादी संगणकावर आणायला गेलो होतो. आत पाऊल टाकताच ग्रंथपालबाईंनी कोपऱ्यातलं लोखंडी कपाट दाखवलं. दोन दिवस खपून त्यांनी ते रिकामं केलं होतं. त्यातले जुने दिवाळी अंक सुतळीने बांधून जिन्याखाली गेले होते.

“सर्व्हर यायचाय ना? म्हटलं, कुलुपाचं असलेलं बरं.”

“बाई, सर्व्हर आलाय,” मी म्हणालो आणि पाठीवरची सॅक टेबलावर ठेवली. तिच्यात माझा जुना लॅपटॉप होता.

बाईंचं काही चुकलं नव्हतं. बँकेत गेलं की ‘सर्व्हर डाउन आहे’, रेशनच्या दुकानात गेलं की ‘सर्व्हर डाउन आहे’. हा शब्द आपल्या कानावर येतो तो असा, कुणीतरी दूर बसलेला बडा अधिकारी रजेवर गेल्यासारखा. थंडगार खोलीत दिवे लुकलुकवत उभे असलेले सर्व्हर असतातही. पण सर्व्हर हे मुळात यंत्राचं नाव नव्हेच, ते कामाचं नाव आहे. एक प्रोग्रॅम दारात बसून राहतो, कुणी काही मागितलं की शोधून देतो आणि पुन्हा दारात येऊन बसतो. देवघेवीच्या खिडकीमागे बाई दिवसभर तेच करत होत्या. असा प्रोग्रॅम ज्या यंत्रावर चालू असेल, ते यंत्र तेवढा वेळ सर्व्हर. मागणारा आणि देणारा एकाच यंत्रात नांदले तरी चालतं, आणि वेबसाइट बनवणारी माणसं रोज तेच करतात.

वेबचा जन्मही असाच झाला आहे. १९९०च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावर नेक्स्ट कंपनीचा एक काळा संगणक होता. पहिला ब्राउझर त्यांनी त्यावरच लिहिला, पहिला वेब सर्व्हरही त्यावरच चालवला आणि पहिली पानंही त्यातच ठेवली. जाता येता कुणी बटण बंद करू नये म्हणून त्यांनी यंत्रावर एक कागद चिकटवला होता. ‘हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका’ अशा अर्थाचा मजकूर त्यावर हाताने लिहिलेला होता आणि इशाऱ्याची शाई लाल होती. तो संगणक त्या कागदासकट जपून ठेवला आहे. तेव्हा आपल्या लॅपटॉपवर सर्व्हर चालवताना हा काहीतरी तात्पुरता जुगाड चाललाय, असं वाटून घ्यायचं कारण नाही.

आता, सर्व्हर लॅपटॉपवर चालू केला तर ब्राउझरने त्याला शोधायचं कुठे? त्यासाठी एक राखीव पत्ता आहे : १२७.०.०.१. (टाइप करताना अंक अर्थातच इंग्रजी.) त्याचं बोलायचं नाव लोकलहोस्ट. या पत्त्यावर पाठवलेली कुठलीही मागणी तारेत किंवा वायफायच्या लहरींत शिरतच नाही. संगणकाची कार्यप्रणाली तिला आतल्या आत वळवून परत घरी आणते. म्हणूनच ही सगळी मांडणी इंटरनेटशिवाय चालते. त्या गावात पहिल्या गडगडाटाबरोबर नेट जायचं ते दुसऱ्या दिवशी उगवायचं, पण आमचं काम त्याच्यासाठी कधी थांबलं नाही.

नेटवर्कमधल्या क्रमांकांची वाटणी नोंदवणारा एक दस्तऐवज १९८६मध्ये जॉयस रेनॉल्ड्स आणि जॉन पोस्टेल यांनी प्रसिद्ध केला. त्यात १२७ने सुरू होणारे सगळेच्या सगळे पत्ते या एका कामासाठी राखून ठेवलेले दिसतात. म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते, फक्त स्वतःशी बोलण्यासाठी! इंटरनेट तेव्हा इतकं छोटं होतं, की असं उधळताना कुणाचा हात थरथरला नाही. पुढे इंटरनेट प्रोटोकॉलच्या चौथ्या आवृत्तीचे पत्ते पुरणार नाहीत असं दिसू लागलं, सहावी आवृत्ती आली, आणि तिच्यात या कामाला अगदी मोजून एक पत्ता मिळाला.

हा पत्ता प्रत्येक संगणकात ‘मी स्वतः’ एवढंच म्हणतो, हे ध्यानात राहिलं नाही तर गंमत होते. यादीचं पहिलं पान तयार झालं तेव्हा बाईंनी हौसेने ब्राउझरमधला पत्ता उचलून वाचनालयाच्या अध्यक्षांना व्हॉट्सॲपवर धाडला. तासाभराने फोन आला, “अहो, काही उघडत नाही.” कसं उघडणार? लोकलहोस्ट म्हटल्यावर अध्यक्षांचा फोन अध्यक्षांच्याच फोनमध्ये शोधत होता. ‘मी घरी आहे’ एवढाच निरोप धाडून एखाद्याला आपल्या घरी बोलवावं, तसा तो प्रकार झाला.

लोकलहोस्ट हे नाव रूक्ष वाटत असेल तर हवं ते नाव ठेवता येतं. प्रत्येक संगणकात ‘होस्ट्स’ नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. एका ओळीत पत्ता आणि पुढे नाव, एवढाच तिचा थाट. ही फाइल फार जुन्या घराण्यातली आहे. १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आजची डीएनएस ही नावं शोधायची व्यवस्था मांडली. त्याआधी नेटवर्कवरच्या सगळ्या संगणकांची एकच यादी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखालची मंडळी सांभाळत. नवा संगणक जोडायचा झाला की त्यांना कळवायचं, मग तो यादीत चढायचा आणि सगळ्यांनी नवी यादी उतरवून घ्यायची. त्या यादीची वंशज असलेली ही फाइल आपल्या लॅपटॉपमध्ये अजून आहे. तिच्यात एक ओळ घालून आम्ही १२७.०.०.१ला ‘वाचनालय डॉट टेस्ट’ केलं.

‘डॉट टेस्ट’च का? कारण हे शेपूट १९९९पासून चाचणीसाठी राखून ठेवलं आहे. ते खऱ्या इंटरनेटवर कुणालाही मिळत नाही. बरेच जण दिसायला छान म्हणून ‘डॉट डेव्ह’ वापरत. पुढे ते शेपूट गूगलच्या मालकीचं झालं, आणि २०१७च्या डिसेंबरात क्रोमने त्याच्यावर सुरक्षित जोडणीची सक्ती केली. आदल्या दिवशीपर्यंत नीट चालणारी कित्येकांची घरगुती पानं सकाळी उघडेनात. दुसऱ्याच्या जमिनीवर मांडव घातला की असं व्हायचंच.

पत्ता झाला, आता दार. एका पत्त्यावर ६५ हजारांहून जास्त क्रमांकांची दारं असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. साध्या वेबपानांचं दार ८०, सुरक्षित पानांचं ४४३, मायएसक्यूएल या डेटाबेसचं ३३०६, पोस्टग्रेएसक्यूएलचं ५४३२. एका दारात एका वेळी एकच द्वारपाल बसू शकतो. नवशिक्याची पहिली रडारड बहुधा इथेच होते. माझीही झाली. वेब सर्व्हर सुरू व्हायचा आणि दोन सेकंदांत मान टाकायचा. मी तो काढला, पुन्हा टाकला. काढला, पुन्हा टाकला. चौथ्या खेपेला बाईंनी विचारलं, “त्याने काही लिहून ठेवलंय का?” ठेवलं होतं. सर्व्हर स्वतःच्या चुकांची रोजनिशी लिहितो, तिला एरर लॉग म्हणतात, आणि तिच्यात स्वच्छ नोंद होती की ८० क्रमांकाचं दार आधीच अडवलेलं आहे. व्हिडिओवर बोलायचा एक प्रोग्रॅम तिथे ठाण मांडून बसला होता. मी माझ्या सर्व्हरला ८०८० क्रमांकाच्या दारावर बसवलं आणि तंटा मिटला. तेव्हापासून लॉग वाचल्याशिवाय काहीही पुन्हा इन्स्टॉल करायचं नाही, असा दंडक मी स्वतःला घालून घेतला आहे.

माझा द्वारपाल होता अपाची. त्याच्या जन्माची कथा लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या वाचनालयासारखी आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या संगणन केंद्रात रॉब मकूल यांनी लिहिलेला एक वेब सर्व्हर खूप लोकप्रिय झाला होता. १९९४मध्ये ते तिथून बाहेर पडले आणि त्या सर्व्हरला वाली उरला नाही. जो तो आपापल्या परीने ठिगळं लावून तो चालवू लागला. शेवटी त्यातल्या काही जणांनी ईमेलवरून एकमेकांना गाठून ठिगळं एकत्र केली आणि १९९५च्या एप्रिलमध्ये अपाचीची पहिली आवृत्ती बाहेर आली. आज त्याच्या बरोबरीने, आणि मोठ्या गर्दीच्या साइटवर त्याच्याआधीही, एंजिनएक्स हे नाव घेतलं जातं. रशियातल्या इगोर सिसोएव्ह यांनी ते २००४मध्ये खुलं केलं. पण घरच्या टेबलावर दोघांतला फरक जाणवत नाही, त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये.

नुसता द्वारपाल पुरत नाही. मागणी आल्यावर त्या क्षणी पान रचून देणारी भाषा लागते आणि माहिती साठवणारं कोठार लागतं. लिनक्स, अपाची, मायएसक्यूएल आणि पीएचपी या चौघांच्या आद्याक्षरांवरून ‘लॅम्प’ हा शब्द मिखाएल कुंत्झं यांनी १९९८मध्ये एका जर्मन संगणक मासिकात वापरला आणि तो रूढ झाला. चारही फुकट, चारही खुली. पण एकेक आणून एकमेकांशी ओळख करून देणं जिकिरीचं. म्हणून २००२च्या सुमारास ‘अपाची फ्रेंड्स’ या जर्मन मंडळींनी सगळं एका गाठोड्यात बांधलं : झॅम्प. एकदा इन्स्टॉल करायचं; नियंत्रणाची एक छोटी खिडकी उघडते, तिच्यात अपाचीपुढचं ‘स्टार्ट’ आणि डेटाबेसपुढचं ‘स्टार्ट’ दाबायचं, की झालं. असं तयार गाठोडं वापरणं कमीपणाचं आहे असं मानणारे पंडित भेटतात. मला तसं वाटत नाही. सुरुवात गाठोड्यानेच करावी. फक्त आत काय काय आहे ते माहीत असावं.

झॅम्पच्या फोल्डरमध्ये ‘एचटीडॉक्स’ नावाचा फोल्डर असतो. तो द्वारपालाच्या हाताशी असलेला कप्पा. मागणाऱ्याला जे द्यायचं ते त्यात ठेवायचं. आणि इथे दुसरी ठेच लागते. आपण लिहिलेल्या पीएचपीच्या फाइलवर डबलक्लिक केलं आणि ती ब्राउझरमध्ये उघडली, तर पानाऐवजी आपलाच कोड समोर येतो किंवा कोरी पाटी दिसते. कारण ती फाइल आपण थेट डिस्कवरून उचलली. ती सर्व्हरमधून आलीच नाही. शिजवायचे तांदूळ आचाऱ्याला न देता ताटात वाढून घेतल्यासारखं ते आहे. पत्त्याच्या पट्टीत सुरुवातीला ‘फाइल’ आहे की ‘एचटीटीपी’, एवढं बघितलं तरी उलगडा होतो.

आता कोठाराकडे वळू. वाचनालयाचा जीव तिथेच आहे.

बाईंकडे दाखल रजिस्टर होतं. आठ हजारांवर पुस्तकं, पहिल्या काही पानांवरची नोंद बोरूने केलेली. “हे एक्सेलमध्ये होईल की,” कार्यवाह म्हणाले. नुसती यादी हवी असती तर झालं असतं, आणि एक्सेलला नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. पण देवघेव आली की चित्र बदलतं. एका सभासदाचं नाव चाळीस ओळींत लिहिलं आणि त्याने बिऱ्हाड बदललं, तर पत्ता चाळीस ठिकाणी बदलायचा. एकोणचाळीस ठिकाणी बदलला जातो, हा अनुभव आहे. यावरचा उतारा आयबीएममधले गणिती एडगर कॉड यांनी १९७०मध्ये एका शोधनिबंधात मांडला : प्रत्येक गोष्ट एकाच तक्त्यात एकदाच नोंदवायची आणि तक्ते क्रमांकांनी जोडायचे. आम्ही तीन तक्ते केले. एक पुस्तकांचा, एक सभासदांचा, एक देवघेवीचा. देवघेवीच्या ओळीत पुस्तकाचं नावही नाही आणि सभासदाचंही नाही. फक्त दाखल क्रमांक, सभासद क्रमांक आणि तारखा.

मी हे समजावू लागलो तर बाई म्हणाल्या, “म्हणजे कार्डासारखंच की.” पुस्तकाचं कार्ड काढून सभासदाच्या खिशात, म्हणजे त्याच्या नावाच्या कागदी पाकिटात, सरकवायचं आणि तारखेच्या खणात उभं करायचं, ही त्यांची रोजची पद्धत. कॉड यांचा निबंध बाईंना तीस सेकंदांत कळला. अभियांत्रिकीच्या मुलांना मी याहून जास्त वेळ घेताना पाहिलं आहे.

कोठार म्हणून आम्ही मायएसक्यूएल घेतलं. १९९५मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेल्या या डेटाबेसला मिखाएल विडेनियस यांनी आपल्या मुलीचं नाव दिलं, ‘माय’. मराठी कानाला माय म्हटलं की आई आठवते. इथे ती लेक आहे. २००८मध्ये सन कंपनीने सुमारे १०० कोटी डॉलरला मायएसक्यूएलची कंपनी विकत घेतली, आणि २०१०मध्ये सनच ओरॅकलच्या पोटात गेली. ओरॅकलच्या हाती आपलं बाळ सुखरूप राहील असा भरवसा विडेनियस यांना वाटेना. त्यांनी खुल्या कोडवरून वेगळी चूल मांडली आणि तिला धाकट्या मुलीचं नाव दिलं, मारिया. म्हणून आज झॅम्पच्या गाठोड्यात मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी असते. घरच्या कामापुरत्या दोघी बहिणी एकमेकींची वस्त्रं घालू शकतात.

पहिल्या रात्री जागून मी शंभर पुस्तकं भरली. सकाळी बाईंना दाखवायला यादी उघडली, तर शंभर ओळी प्रश्नचिन्हांच्या. एकही अक्षर नाही. तक्त्याची माहिती काढून पाहिली तेव्हा कोपऱ्यात लिपीच्या रकान्यात सापडलं : लॅटिन-१, स्वीडिश क्रम. कंपनी स्वीडनची, म्हणून न सांगितल्यास स्वीडिश अक्षरांची सोय, असा तो जुन्या आवृत्त्यांचा शिरस्ता होता. माझ्या मराठी पुस्तकांची नावं कोठाराने त्या खणात बसवायचा प्रयत्न केला, आणि जे बसेना त्या प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवलं. ही चिन्हं नुसती दिसण्यापुरती नव्हती. साठवतानाच मूळ अक्षरं टाकून दिलेली होती, त्यामुळे ती परत मिळण्याची सोयच नव्हती. शंभर पुस्तकं पुन्हा भरली.

यावरचा उपाय म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत टेबलावरच्या कागदावर तिची मांडणी केली होती. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन आणि इमोजीला चार. मी तक्त्याला ‘यूटीएफ८’ सांगितलं आणि मराठी उमटू लागली. पुढे अभिप्रायाच्या रकान्यात बाईंनी हात जोडल्याचं चित्र घातलं, तर त्या चित्रापासून पुढचा सगळा मजकूर गुडुप. मायएसक्यूएलमधलं ‘यूटीएफ८’ हे तीन बाइटपर्यंतचंच निघालं. नावाने पूर्ण, मापाने पाऊण! चार बाइटचं खरं रूप ‘यूटीएफ८एमबी४’ या नावाने २०१०मध्ये आलं आणि २०१८च्या आठव्या आवृत्तीपासून ते न सांगता मिळू लागलं. मराठीसाठी तक्ता करताना आजही मी ते स्वतः लिहितो. जुन्या भाड्याच्या सर्व्हरवर काय वाढून ठेवलं असेल, सांगता येत नाही.

अक्षर म्हणजे काय, यावरही संगणकाचं आपल्याशी पटत नाही. पुस्तकाच्या कण्यावर चिकटवायच्या चिठ्ठीसाठी मी लघुनावाचा रकाना ठेवला होता आणि त्याला लांबी दिली होती दहा. दहा अक्षरं म्हणजे ऐसपैस, असा माझा हिशेब. ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द आपण मोजला तर ज्ञा, ने, श्व, र अशी चार अक्षरं. संगणक मात्र ज, हलन्त, ञ, काना अशी एकेक खूण सुटी मोजतो आणि दहावर पोचतो. तितपत ठीक होतं. पण ‘ज्ञानेश्वरी’ला अकरावी खूण लागते, ती शेवटची वेलांटी. जुन्या आवृत्तीने हूं की चूं न करता ती कापली. चिठ्ठ्या छापून आल्यावर बाईंच्या लक्षात आलं. “ग्रंथ गेला, लेखक राहिला,” त्या म्हणाल्या. २०१५च्या ५.७ आवृत्तीपासून मायएसक्यूएल अशी नावं गुपचूप कापत नाही, नोंदच नाकारतं. ते बरं झालं.

आणि ळ. सभासदांची यादी आडनावाच्या क्रमाने मागितली, तर काळे आधी आणि कावळे नंतर. बाईंना हे मान्य नव्हतं, आणि त्यांचं बरोबर होतं. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. तेव्हा कावळे, काशीकर, कासार आणि मग काळे. पण युनिकोडच्या कोष्टकात ळ हा ल च्या शेजारी, व च्या आधी बसवला आहे, आणि संगणक ते कोष्टक प्रमाण मानतो. पोस्टग्रेएसक्यूएलच्या दहाव्या आवृत्तीपासून भाषावार क्रम निवडायची चांगली सोय झाली आहे. आमच्याकडे ती नव्हती. मी एक जादा रकाना केला, त्यात ळ च्या जागी ह च्या पुढे लागणारी खूण घातली आणि क्रम त्या रकान्यावरून लावला. जुगाडच तो, पण यादी बाईंच्या मनासारखी लागली.

हे सगळे घोळ घरच्या घरी झाले, म्हणून मी ते हसत सांगतोय. यातली एकही चूक सभासदांसमोर झाली नाही. मोडतोड करायला हक्काची जागा मिळते, यापलीकडे लोकल सर्व्हरचा फार मोठा उपयोग मला सांगता येणार नाही, आणि तेवढा पुरेसा आहे.

दाराला कडी मात्र घालायला हवी. झॅम्पमध्ये डेटाबेसच्या मुख्य वापरकर्त्याला, ‘रूट’ला, मुळात पासवर्डच नसतो. शिकणाऱ्याची सोय म्हणून तो ठेवलेला नाही, आणि हे गाठोडं जसंच्या तसं खऱ्या इंटरनेटवर मांडू नका, असं ते बांधणारे स्वतःच बजावतात. डेटाबेस फक्त १२७.०.०.१वर ऐकत असेल तर बाहेरच्याला त्याचं दारच दिसत नाही. तो सगळ्या पत्त्यांवर ऐकू लागला आणि पासवर्ड नसला, की मग तो रस्त्यावर मांडलेला गल्ला. २०१७च्या जानेवारीत मोंगोडीबीच्या अशा हजारो उघड्या डेटाबेसमधली माहिती पुसून चोरांनी खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. त्याच वर्षी आलेल्या ३.६ आवृत्तीपासून मोंगोडीबी सगळीकडे आपणहून फक्त घरातच ऐकू लागला. वाचनालयातल्या दुसऱ्या टेबलावरून यादी पाहायची असेल तर १९२.१६८ने सुरू होणारा लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता वापरायचा. पण तोही वेब सर्व्हरसाठी, डेटाबेससाठी नव्हे. आणखी एक, तालमीच्या कोठारात खऱ्या सभासदांचे फोन नंबर घालू नयेत. लॅपटॉप एसटीत विसरतो. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर ही नुसती सभ्यतेची बाब राहिलेली नाही.

घरी चालतं ते बाहेर चालेलच असं नाही. माझ्या फाइलचं नाव मोठ्या अक्षराने सुरू होत होतं आणि कोडमध्ये मी ते छोट्या अक्षराने लिहिलं होतं. विंडोज असल्या बारकाव्याकडे काणाडोळा करतं. लिनक्स करत नाही. भाड्याच्या सर्व्हरवर चढवल्या दिवशी अर्धी पानं सापडेनात. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हे वाक्य या धंद्यात इतक्या वेळा बोललं गेलं, की त्याच्यावर उपाय म्हणून एक अख्खं तंत्र लोकप्रिय झालं. २०१३मध्ये आलेला डॉकर सर्व्हर, भाषा आणि डेटाबेस त्यांच्या नेमक्या आवृत्त्यांसह एका डब्यात बंद करतो. तोच डबा घरी उघडायचा आणि बाहेरही. दोघांहून जास्त माणसं एकत्र काम करणार असतील तर डॉकर शिकावा. एकट्याला पहिल्याच आठवड्यात त्याची गरज नाही.

कोठाराची प्रत असणं किती मोलाचं, याचा दाखला गिटलॅब या कंपनीने जगासमोर ठेवला आहे. ३१ जानेवारी २०१७च्या रात्री त्यांच्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर, म्हणजे चालू सर्व्हरवरच, डेटाबेसचा फोल्डर पुसायची आज्ञा दिली. चूक ध्यानात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या पाचही व्यवस्था वेळेवर कुचकामी ठरल्या. वाचवलं ते सहा तासांपूर्वी चाचणीच्या सर्व्हरसाठी काढलेल्या एका प्रतीने. कंपनीने सगळं काही न लपवता सांगितलं, डागडुजीचं थेट प्रक्षेपणही केलं. सहा तासांची माहिती गेली ती गेलीच.

आज ते वाचनालय मला पुन्हा मिळालं तर मी मायएसक्यूएल घेईन का? एकच संगणक, एकच ग्रंथपाल, बहुधा नाही. एसक्यूलाइट घेईन. त्यात सर्व्हरच नसतो, सगळा डेटाबेस म्हणजे एक फाइल. रिचर्ड हिप अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेसाठी प्रोग्रॅम लिहीत होते. डेटाबेस सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्रॅमही लंगडा व्हायचा आणि बोल त्यांना लागायचे. म्हणून २०००मध्ये त्यांनी सर्व्हरच नको असा डेटाबेस लिहिला. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये तो आहे.

पण तेव्हा मला हे सुचलं नाही, आणि जे केलं ते चाललं आहे. यादी आता भाड्याच्या सर्व्हरवर असते. नवीन काही करायचं झालं तर आधी लॅपटॉपवर, मग तिकडे. गेल्या खेपेला गेलो तेव्हा कोपऱ्यातलं कपाट बाईंनी उघडून दाखवलं. जिन्याखालचे दिवाळी अंक परत आत आले होते. सगळ्यांत वरच्या कप्प्यात, दर शनिवारी काढलेल्या बॅकअपचे पेन ड्राइव्ह ओळीने मांडलेले होते, प्रत्येकाला तारखेची चिठ्ठी. कपाटाला कुलूप होतं.